तणसाचे ओरखडे

माझी आणि माझ्या थोरल्या भावाची बोलचाल पावणेदोन वर्षं बंद होती. शेतावरून नाही, घराच्या वाटणीवरून नाही, बायकांच्या कुरबुरीवरूनही नाही. माझ्या गाडीच्या रंगावरून. नेमकं सांगायचं तर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, त्याच्यावरून. तो थर डोक्याच्या केसाहून बारीक भरतो. हे ऐकून लोक हसतात. हसले की मला त्यांचा राग येतो, आणि त्यांचं हसणं बरोबर आहे हे कळतं म्हणून जास्तच येतो.

मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. नंतरची वर्षं साकोलीत राहून आसपासच्या गावांतल्या शेतांच्या हद्दी दाखवण्यात गेली. दोन शेतांच्या मधला बांध, आमच्याकडे त्याला धुरा म्हणतात, तो असतो हातभर रुंद. त्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे राहिलेले मी पाहिले आहेत. मधे मी, आणि माझ्या हातात टेप. मला त्या माणसांचा तिटकारा होता. हातभर मातीपायी भावाचं तोंड न पाहणारे हे लोक आहेत तरी कसे, असं मी घरी येऊन बायकोला विचारायचो. माझं स्वतःचं एकच होतं, खूण जिथे आहे तिथेच दाखवायची. दमदाटी झाली, पाया पडून झालं, पण एका फुटाचीही खोटी खूण मी कधी टाकली नाही.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी गाडी घेतली. दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी काळी स्पोर्ट्स कार. नागपूरच्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली. ती साकोलीत आली त्या दिवशी आमच्या गल्लीत जत्रा भरली. एक जण म्हणाला, साहेबानं धुरे खाऊन घेतली. दुसऱ्यानं विचारलं, "ह्याच्यात धानाचं पोतं कुठी ठेवता जी?" आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा पोर नाही म्हणून गाडीला आंघोळ घालतो, असंही कुणीतरी म्हणालं आणि ते माझ्यापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात म्हणालं. बोलण्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते बोटांचं. प्रत्येकानं गाडीवर बोट फिरवून पाहिलं.

"कायले हात लावता?" मी म्हणायचो.

"बोटानं झिजते का साहेब गाडी?"

झिजते. हे मी त्या गल्लीत शंभर वेळा सांगितलं असेल. रंगावर धूळ असते, धुळीत बारीक रेती असते, आणि तुम्ही बोट फिरवलं की ती रेती रंगावर घासली जाते. मग सकाळच्या उन्हात काळ्या पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. पांढऱ्या गाडीला हे सगळं खपून जातं, काळीला नाही. एकदा एका भल्या गृहस्थानं बाजारातून येताना वांग्या-टमाट्यांची पिशवी माझ्या बॉनेटवर टेकवली आणि माझ्याशीच हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला. मी पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला मातीत ठेवली. त्यानं वर्षभर मला नमस्कार केला नाही. एक नमस्कार कमी झाला, बरं झालं.

छंद म्हणून लोक बागा करतात, तबला शिकतात. मी रंग जपायला शिकलो. मोबाइलवर परदेशातल्या माणसांचे व्हिडिओ पाहून शिकलो, चुका करून शिकलो. दर रविवारी सकाळी आधी नुसत्या पाण्यानं धूळ ओघळू द्यायची. मग दोन बादल्या. एकीत साबण, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली रेती पुन्हा फडक्याला लागत नाही. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके उठतात, म्हणून शेवटचं पाणी पावसाचं, पन्हाळीखाली ड्रम लावून धरलेलं. मग चिकण मातीची एक वडी मिळते, ती पिठाच्या गोळ्यासारखी मळून पत्र्यावर फिरवली की रंगात रुतलेला कचरा ती ओढून घेते. त्यानंतर मशीन. मशीनवर स्पंजाची चकती, चकतीवर पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी मेण.

यात समजून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. ओरखडा त्या वरच्या पारदर्शक थरात असतो आणि पॉलिश त्याला भरून काढत नाही. पॉलिश आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे दर वेळी थर पातळ होतो, आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून मी जाडी मोजायचं यंत्र घेतलं, आणि सवयीनं गाडीचा नकाशा काढून दारं, बॉनेट, चाकांवरचे पत्रे, सगळ्यांची मापं वहीत लिहून ठेवली. बायको म्हणायची, "माह्या लग्नातल्या भांड्यायकडे एवढं कधी पाह्यलं नाई तुमी."

आता भावाबद्दल. तो माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा तो शाळेतून उठला आणि मी शाळेत राहिलो. अड्याळजवळच्या आमच्या गावी तो धान लावतो, तळ्याच्या पाण्यावर त्याची शेती आहे, आणि ती मी त्याला तशीच सोडली. आमच्यात त्यावरून कधी ब्रही निघाला नाही. तो मला बाबू म्हणतो. मी साठीला आलो तरी बाबूच म्हणतो. शेतात ट्रॅक्टर येऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यानं बैलजोडी ठेवली होती, कामाशिवाय, नुसती दाव्याला. शेवटी वहिनीचे गुडघे गेले, शेणगोठा होईना, म्हणून त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यानं जोडी अड्याळच्या बाजारात विकली. घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. हे वहिनीनं मला फोनवर सांगितलं होतं. पुढे मी जे बोललो ते हे माहीत असून बोललो, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पोळ्याच्या आठ दिवस आधी त्याचा फोन आला. "बाबू, औंदा पोळ्याले गाडी घेऊन ये. लोकं ट्रॅक्टर आनून राह्यले आता तोरनाखाली. मी रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

मला ते आवडलं नव्हतं. भादव्याच्या तोंडावरचा चिखल, गावचा रस्ता, तोरणाखालची गर्दी, गुलाल. पण त्याच्या आवाजात काहीतरी होतं आणि मला नाही म्हणता आलं नाही. मात्र नियम सांगितले. गाडीला कोणी हात लावायचा नाही. कोरड्या फडक्यानं तर अजिबात पुसायचं नाही. लागलंच तर भरपूर पाणी, एकदम मऊ वस्तू, आणि गोल गोल नाही, सरळ रेषेत हात.

"हाव, हाव," तो म्हणाला. "गोऱ्हा लयच नाजूक दिसते तुहा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि बायको गावी पोचलो. शेवटचं अंतर बैलगाडीच्या वेगानं कापलं तरी गाडी दारांपर्यंत चिखलानं भरली. अंगणात लावली. धुवायचं माझं सगळं सामान मागच्या कप्प्यात होतं, चहा घेऊन लगेच धुणार होतो. तेवढ्यात गावातला एक जण नकाशा घेऊन आला. त्याच्या धुऱ्याचा काहीतरी वाद सुरू होता. साहेब, पाच मिनिटं या, म्हणाला आणि मला ओढून घेऊन गेला. त्या पाच मिनिटांचा दीड तास झाला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना तळ्यावर नेऊन धुतात. धानाचं वाळलेलं काड, ज्याला तणस म्हणतात, त्याचा बोळा करून अंग घासतात. वर्षभराचा मळ दुसऱ्या कशानं निघत नाही. संध्याकाळी खांदे शेकतात. ज्या खांद्यानं वर्षभर जू वाहिलं, त्याच्यावर कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळतात, आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. मी परत येत होतो तेव्हा तळ्यावरून धुतलेल्या जोड्या घराकडे चालल्या होत्या. आमच्या अंगणाच्या फाटकाशी चारपाच माणसं थांबून आत पाहत होती आणि हसत होती. वाईट हसणं नव्हतं ते. पण मी घाईनं आत गेलो.

भाऊ धोतर खोचून गाडीजवळ उकिडवा बसला होता. चार बादल्या तळ्याचं पाणी. हातात तणसाचा बोळा. बॉनेट झालं होतं, दोन्ही दारं झाली होती. चिखलाचा ठिपका राहिला नव्हता. पुढच्या चाकांवर पत्र्याला जो उंचवटा असतो, तो त्याला खांदा वाटला होता. त्या दोन्ही खांद्यांवर तूप-हळद चोळलेली होती आणि पळसाचं पान अजून त्याच्या डाव्या हातात होतं. तो गाडीला म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्याकडे मान वळवून तो हसला. उतरतं ऊन बॉनेटवर पडलं होतं, आणि त्या उन्हात मला बॉनेटभर रेघाच रेघा दिसल्या.

धानाच्या तणसात वाळूसारखा कण असतो. म्हणून तर त्यानं भांडी लख्ख निघतात.

मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. "अक्कल हाय का तुले? सांगतलं होतं न? रेडा हाय का हा घासाले?" त्यानं बोळा खाली ठेवला. "बाबू, पानी तर लय टाकलं," तो म्हणाला. त्यानं तिथेच थांबायला हवं होतं, आणि मीही. पण तो पुढे म्हणाला, "मले वाटलं, औंदा खांद शेकाले कोनी नाई..." आणि मी म्हणालो, "बाजारात विकले तवा नाई आठवले खांद? आता माही गाडी दिसली?"

फाटकाशी उभी असलेली माणसं निघून गेली. भावानं बादलीत हात धुतले, दोन्ही हात, कोपरापर्यंत, सावकाश. मग आत गेला आणि बाहेर आला नाही. वहिनी पुरणाची डाळ निवडत बसली होती, तिनंही मान वर केली नाही. मी तिथल्या तिथे तूप पुसलं, गाडी सुरू केली आणि बायकोला म्हणालो, बस. ती बसली. पोळा न पाहता आम्ही परतलो. साकोलीच्या अलीकडे ती एवढंच म्हणाली, "तो का वैरी होता का तुमचा?" मला वाटत होतं, हो, आहे.

दुसऱ्या दिवशी, ज्या वेळी गावात बैल तोरणाखाली उभे असतील त्या वेळी, मी छपरीत गाडी घेऊन दिवा लावून रेघा मोजत होतो. ओरखडा किती खोल आहे ते पाहायची एक साधी रीत असते, नख आडवं फिरवायचं. नख अडकलं तर खोल. माझं नख कुठेच अडकलं नाही. बॉनेटवर नाही, दारांवर नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी राग सोडला नाही. उलट नख अडकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटल्याचं स्वच्छ आठवतं.

मग कामाला लागलो. रोज कचेरीतून आल्यावर दोन तास, रविवारी दिवसभर. मशीन चालवताना डोक्यात भांडण चालायचं. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, त्यावर तो काय म्हणेल. प्रत्येक वेळी मीच जिंकायचो. दारं झाली, बॉनेट झालं. राहिले चाकांवरचे खांदे. पत्र्याला जिथे धार असते तिथे थर सगळ्यात पातळ असतो. तिथे आधी चिकटपट्टी लावायची, मशीनचा वेग कमी करायचा, हात हलका ठेवायचा. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. त्या रविवारी दुपारी मी चिकटपट्टी लावली नाही. डोक्यात भांडण ऐन रंगात आलं होतं, मी भावाला निरुत्तर करत होतो आणि मशीन दाबत होतो. जळका वास आला तेव्हा भानावर आलो. डाव्या खांद्याच्या धारेवर रुपयाएवढा डाग पडला होता. मंद, राखाडी, कोरडा. तिथला थर मी पार उडवला होता.

मी पाटावर बसलो. तणसाचे सगळे ओरखडे निघाले होते. एकही उरला नव्हता. उरला होता तो फक्त माझा डाग.

त्याच वेळी बायको चहा घेऊन आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "निघाले न सगळे? मंग एवढं कायले बोल्ले दादाले? लावा फोन आता."

मी बोट दाखवलं. "हा पाहा. हा निघत नाही. हा कायमचा आहे."

"दादाच्यानं झाला?"

"मग कुणाच्यानं?"

एवढंच. दोन शब्द, तेही प्रश्नासारखे. रागाच्या भरात तोंडातून गेलं असं म्हणता येणार नाही, कारण तेव्हा राग उतरला होता. नुसता कपभर चहा समोर होता. मला माझं भांडण वाया जाऊ द्यायचं नव्हतं. जन्मभर लोकांच्या शेतात खरी खूण दाखवत हिंडलो, आणि ही एक खूण उचलून दुसऱ्याच्या हद्दीत रोवून टाकली. बायकोनं ते वहिनीला फोनवर सांगितलं. मला वाईट वाटावं म्हणून नव्हे, उलट माझी बाजू सावरायला: सगळं निघालं, पण एक डाग कायमचा राहिला, म्हणून त्यांचा राग जात नाही. वहिनीनं अर्थातच ते भावाला सांगितलं.

त्यानंतर फोन बंद. मी केला नाही, त्यानंही केला नाही. दिवाळी गेली, दिवाळीनंतर गावात भरते ती मंडईची जत्रा गेली, एक अख्खा पोळा गेला. खरं सांगतो, अबोल्याला एक चव असते, मी ती चाखली. कुणी गावाकडचं भेटलं की मी मुद्दाम भावाबद्दल विचारायचो नाही, आणि विचारलं नाही हे त्याच्यापर्यंत जाईल याची काळजी घ्यायचो. साकोलीतला एक रंगारी म्हणाला होता, आणा, तेवढा पत्रा रंगवून देतो, कळणार नाही. मी नेली नाही. मूळ रंग मोडायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की रंगाऱ्यानं एका नजरेत ओळखलं असतं, हे मशीनचं काम आहे, तणसाचं नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी भावाची पोरगी एकटीच एसटीनं आमच्याकडे आली. तिचं लग्न ठरलं होतं, पत्रिका घेऊन आली होती. लहानपणी तिच्या सुट्ट्या आमच्याच घरी जायच्या. पत्रिका दिली, काकूशी बोलली, मग छपरीत गाडीपाशी आली. हात पाठीमागे धरून उभी राहिली, चुकून लागू नये म्हणून.

"हाच का तो डाग, काकाजी?"

मी हुं म्हणालो.

"बाबानं तनस दोन दिवस भिजू घातलं होतं," ती म्हणाली. "तुमाले माहीत नसन. बारीक धानाचं निवडून निवडून काढलं, गाठी तोडल्या, पाट्यावर ठेचलं. गालावर घासून पाहे. आईले म्हने, तूही पाय, टोचते का? बाबूची गाडी नाजूक हाय." तिनं पुन्हा डागाकडे पाहिलं. "एवढं करूनही झालाच."

नवीन फडकं आणलं की मीही ते आधी गालावर फिरवून पाहतो. म्हणून नख अडकलं नव्हतं. तो बोळा, माझ्या परदेशी फडक्यांइतका नाही, पण तणस जेवढं मऊ होऊ शकतं तेवढा मऊ होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. ती माझ्यासमोर उभी होती, माझ्यावर चिडलेली नव्हती, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "ऊन फार आहे, आत चल, सरबत घे." ती गेल्यावर मला तिचाच राग आला. कुणी विचारलं होतं तिला हे सांगायला?

लग्नाला आम्ही गाडीनंच गेलो. बायको म्हणत होती बसनं जाऊ, मी ऐकलं नाही. अंगणात जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव होता आणि मांडवाबाहेर कडुनिंबाखाली एक जागा झाडून, पाणी मारून मोकळी ठेवली होती. तिथे गाडी लावायची, असं एकानं मला सांगितलं. मी उतरलो. मांडवातून भाऊ आला. नवा पांढरा सदरा, टोपी, आणि पावणेदोन वर्षांत चांगलाच वाकला होता. माझ्याकडे न येता तो गाडीकडे गेला. चार हात अंतरावर थांबला, तिथूनच गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि डाव्या खांद्यावरचा डाग पाहत राहिला. पाहुणे जमायला लागले होते. वहिनी दारात आली. मागे बायको उभी होती.

"माह्याच हातानं झाला न हा, बाबू?"

तो मला टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. पावणेदोन वर्षं त्यानं तो डाग पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता, आणि तणस ज्याच्या हाताखालून जन्मभर गेलं त्याला तो डाग पाहून कुठेतरी खटकलं असणार. त्याच्या प्रश्नात एक बारीकशी फट होती. मी नाही म्हणालो असतो तर तो हसला असता, मला खात्री आहे. मला शिवी घातली असती, पाठीत धपाटा घातला असता, आणि सगळ्या मांडवाला ओरडून सांगितलं असतं. सगळा मांडव मला हसला असता. मी तेवढंच पाहिलं, हसणारा मांडव.

"हाव," मी म्हणालो. "पन जाऊ दे दादा. झालं ते झालं."

त्यानं टोपी काढली. माझ्यापुढे, चौदा वर्षांनी धाकट्या भावापुढे, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माह्याच्यानं. माफ कर मले." मी त्याचे हात धरले. तो रडला. मीही रडलो, आणि ते रडणं खोटं नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. पाहुण्यांमधला एक म्हातारा म्हणाला, धाकटा असून मोठ्या मनाचा निघाला. जेवणाच्या पंगतीत भावानं मला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि बुंदी आग्रह करकरून वाढली. मी खाल्ली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झालो. भाऊ सत्तरीच्या पुढे गेला, बोलतो, फोन करतो, आणि महिन्यातून एकदा तरी मी गावी यावं असा त्याचा हट्ट असतो. गाडीला तो हात लावत नाही. काचेवरून काही द्यायचं असलं तरी आधी हात धोतराला पुसतो. पोरीच्या लग्नानंतर त्यानं बैलांचा रिकामा कोठा साफ करून घेतला, दावण उखडली, खाली सिमेंट घातलं, वर नवे पत्रे टाकले. तुह्या गाडीले ऊन नको लागाले, म्हणाला. सिमेंट त्यानं स्वतः थापीनं घोटून गुळगुळीत केलं आहे; बारीक खडाही चाकाखाली येत नाही.

मी गेलो की तो कोठ्याच्या दाराशी उभा राहतो आणि हातानं खुणा करत गाडी आत घ्यायला लावतो. मी गाडी अशी लावतो की डावी बाजू भिंतीकडे जाते आणि डाग कुणाला दिसत नाही. तो दर वेळी ते पाहतो आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतो. त्याला वाटतं, मी त्याची लाज राखतो.